बूट काढण्यापूर्वी आपली पत तपासा

परभणी-लातूरकडं कुणाच्या घरी जायचं असेल, तर बूट काढायचे की नाही हा स्वच्छतेचा प्रश्न आहे असं कृपया समजू नका. तसा असता तर सोपा होता. इथली काळी माती पावसाळ्यात एकदा तळव्याला धरली की पाय बुटातून निघतो, माती काही निघत नाही. तशा पायानं आत शिरणाऱ्याला अडवायला नियम कशाला लागतो, ओसरीवरची म्हातारी पुरते.

तेव्हा आधी आपली पत तपासा. भावकीतले असाल तर पायताण उंबऱ्याबाहेर सोडा, तांब्याभर पाणी पायावर घ्या, मग टेका. जावई असाल तर वाका. "राहू द्या, राहू द्या" असा पुकारा होईल. तरी काढाच, पुकारणाऱ्याची नजर तुमच्या पायावरच असते. (मोजे धड घाला. अंगठा बाहेर आला तर सासुरवाडीला वर्षभर विषय पुरतो.) हप्त्याच्या वसुलीला आलेले असाल तर कुणी पुकारणारही नाही, खुशाल आत जा.

पुढारी असाल तर मात्र वाकूच नका. पांढरेशुभ्र बूट घालून थेट सोफ्यापर्यंत चाला. मागची पंधरा-वीस माणसंही तशीच येऊ द्या. बारसं असो नाहीतर सांत्वन. त्या घरानं पोटच्या पोरालाही कधी चपलेनं आत घेतलेलं नसतं, पण तुमच्या वेळी यजमान स्वतःच्याच चपला पायानं कोपऱ्यात सरकवतो आणि अनवाणी हात जोडून उभा राहतो. फोटो चांगला येतो. फरशी कोण पुसणार, हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आत सून आहे.

अमेरिकेहून आलेले पुतणे असाल तर "तिकडं घरात बूट चालतात" हे एकदाच सांगा. काकू म्हणेल, "तिकडं माती नसंल बाबा." जपानचा विषय तर काढूच नका. तिथं दाराशीच गेनकान नावाची खोलगट जागा असते. बूट तिथं सोडून वर चढायचं, संडासासाठी सपाता निराळ्या. असलं काही आपल्याकडं आलं तर सांत्वनाला कोण येईल?

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलात तर पुढारी असलात तरी तुमचाही नाइलाज आहे. तिथल्या जोडाघरात लोकांचे जोडे सांभाळणं ही सेवा मानतात, तिथं पत चालत नाही. मुकाट काढा, डोकं झाका, माथा टेका. बाहेर आल्यावर कार्यकर्त्याकडं चहाला जायचं असेल, तर नाड्या चांगल्या घट्ट बांधा. पुन्हा सोडायची वेळ येणार नाही.