खुलासा : रिंगा-पिस्टन बदललेल्या पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचं पहिलं ऑइल 100 तास ठेवू नका

‘रिंगा-पिस्टन नवे टाकले की 100 तास ऑइल बघायलाच नको,’ असा मेसेज गुहागर-दापोलीकडे बागायतदारांत फिरतोय. तो चूक आहे. 100 तास हे रुळलेल्या फोर-स्ट्रोक (ऑइल पेट्रोलात न मिसळता वेगळं भरायच्या) पंपाचं माप. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसतात, तो बारीक चुरा ऑइलातच उतरतो. आमच्या सुपारीतल्या पंपाचं पहिलं ऑइल उन्हात धरलं, तर चंदेरी चकाकत होतं. ते 5 ते 20 तासांत, इंजिन कोमट असतानाच काढा. नुसता कार्बोरेटर साफ केला असेल तर असं लवकर ऑइल बदलायची गरज नाही. पण डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला, किंवा पाणी शिरून ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं, तर आधी कारण शोधा, ऑइल बदला, मगच दोरी ओढा.