सरांनी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तर तो तिघांनी टाकला. मजकूर असा: ‘ओटीपी दिला नाही तर कुणाचा बाप तुमच्या खात्याला हात लावू शकत नाही. आधार-पॅन सगळीकडे दिलेलंच असतं, ते लपवून काय होणार? कुलपाचं चिन्ह असलेली वेबसाईट बिनधास्त वापरा. फसतात ते हावरट नाहीतर अडाणी. आणि पैसे एकदा गेले की गेले, तक्रार म्हणजे नुसते हेलपाटे.’

मी लक्ष्मीपुरीतल्या एका बँकेत काउंटरवर बसते. हे वाचून निर्धास्त झालेली माणसं मला रोज भेटतात, त्यामुळे गप्प बसवत नाही. एकेक वाक्य घेते.

आधी ओटीपी. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांना पाठ आहे, त्यांनी तो सांगितलाही नाही. एका संध्याकाळी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची फाईल आली. (त्या विद्यार्थ्याला याचा पत्ताच नव्हता. त्याचा फोन आधीच बाधित होता आणि तोच सगळ्यांना फाईल पाठवत होता.) सरांची स्कूटर आहे, सिग्नल चुकला असेल असं त्यांना वाटलं. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरं होती. म्हणजे तो फोटोही नव्हता आणि पावतीही नव्हती, ते अख्खं ॲप होतं. फोनने एकदा धोक्याची सूचना दिली, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. सरांनी ‘अलाऊ’ दाबलं. पुढे गाडीचा नंबर आणि पडताळणीसाठी एक रुपया भरायला डेबिट कार्डाचा तपशील. बस्स. त्यानंतर आलेले ओटीपी त्या ॲपने स्वतःच वाचले आणि पलीकडे पाठवले. सरांच्या तोंडून एक आकडाही बाहेर पडला नाही, आणि तीन हप्त्यांत खातं जवळजवळ रिकामं झालं.

हा एकच रस्ता नाही. ‘मदत करतो’ म्हणून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावलं, तर ओटीपी समोरचा स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. परदेशातल्या अनेक वेबसाईटांवर कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो, ओटीपी विचारलाच जात नाही. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवा. आणि यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन मागणारा माणूस चोरच.

आता ‘आधार लपवून काय होणार’. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर गावातल्या केंद्रात पैसे निघतात, तिथे ओटीपी नसतो. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांच्या नकला करून खाती साफ केल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या.

पण माझ्या मते माहितीचा मोठा उपयोग वेगळाच होतो. ती तुमचा विश्वास मिळवायला वापरतात. फोनवरचा माणूस तुमचं पूर्ण नाव, गाव, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक घडाघडा सांगतो, आणि आपल्याला वाटतं हा ऑफिसातलाच असणार. ‘आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार’ हा मेसेज त्याशिवाय इतका चालला नसता. ऊसबिल जमा व्हायच्या दिवसांत ‘केवायसी संपली’ असे मेसेज घेऊन काउंटरला येणारे शेतकरी मी बघते. कोणत्या आठवड्यात कुठल्या शब्दाला माणूस घाबरेल, हे त्या टोळ्यांना कळतं.

कुलपाच्या चिन्हाबद्दल थोडक्यात. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या वेबसाईटच्या मधे कुणी डोकावत नाही. पलीकडे चोर बसलाय की बँक, हे ते सांगत नाही. तसं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. हा गैरसमज फार पसरला म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच बदललं. बघायचंच तर पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं, आणि तो पत्ता बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, म्हणून हेही सांगते: पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला हा पत्ता नसणार. तिथे शंका आली तर लिंक न उघडता पासबुकावरच्या नंबरला फोन करा.

‘हावरट आणि अडाणी’ या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सरांना लॉटरी लागणार नव्हती, ते दंड भरायला निघाले होते. कायदा पाळणारा माणूस होता म्हणूनच सापडला. आणि याच शब्दांमुळे माणसं लपवून ठेवतात, ज्याची किंमत शेवटच्या वाक्यात वसूल होते.

‘तक्रार म्हणजे हेलपाटे.’ सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा 1930 हा सरकारी नंबर रात्रीही चालतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. चोर ती एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवत असतात, त्यामुळे सगळा खेळ वेळेचा आहे. रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियमही आहे: चूक तुमची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर भार तुमच्यावर नाही. चूक तुमची असली, तरी कळवल्यानंतर जे जाईल त्याला बँक जबाबदार. फोन करताना व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा, मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. ॲप घुसलं असेल तर त्या फोनचं नेट आधी बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला.

सरांची थोडी रक्कम तिसऱ्या खात्यात सापडली आणि गोठवली गेली. पैसे गेले सोमवारी संध्याकाळी सातला, सर माझ्या काउंटरसमोर उभे राहिले बुधवारी सकाळी अकराला. चाळीस तास. त्यातले पहिले दोन तास त्यांना काही कळलंच नव्हतं. उरलेले अडतीस तास, मुलगा काय म्हणेल आणि विद्यार्थी काय म्हणतील, या विचारात ते घरात बसून होते.