थर्सडेचा डबा

यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापूरला घरी गेलो तेव्हा लॅपटॉपमध्ये 'एंडेव्हर' भरून नेली होती. आईला रात्री लवकर झोप येत नाही आणि मला पहिले चार दिवस इंग्लंडच्या घड्याळामुळे येत नाही, म्हणून दोघांची सोय. प्रत्यक्षात तिसऱ्या रात्रीपासून खोलीत आईबरोबर दादा, वहिनी आणि पुतण्याही येऊन बसले. मालिका बाजूला राहिली आणि तिच्यावरचं भांडणच जास्त रंगलं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'इन्स्पेक्टर मोर्स' ही ब्रिटिश मालिका 1987 ते 2000 चालली. जॉन थॉने केलेला ऑक्सफर्डचा एक तुसडा पोलीस अधिकारी, लाल जॅग्वार, बिअर, ऑपेरा, शब्दकोडी आणि दर भागाला एक-दोन मुडदे. शेवटच्या भागात मोर्स मरतो, आणि 2002 मध्ये खुद्द जॉन थॉ गेला. मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून 2012 च्या जानेवारीत एक सुटा भाग आला, 'एंडेव्हर'. काळ 1965 चा, मोर्स अजून साधा कॉन्स्टेबल आणि ते काम शॉन इव्हान्सकडे. लोकांना आवडलं, मग पुढे चालूच राहिलं. 2023 मध्ये छत्तिसाव्या भागाला संपलं.

दादाचा आक्षेप पहिल्या अर्ध्या तासातच आला. "हा म्हातारा होऊन मरणार हे माहीत आहे की. मग आता याच्यावर गोळी झाडली तर मी घाबरायचं कशाला बे?"

आक्षेप बिनतोड होता. मी काही बोलायच्या आत वहिनीनेच त्याला धरलं. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग रात्री साडेदहाला कोण डोळे फाडून बघत होतं? पहिला भाग सुरूच झाला होता अण्णा नाईकांच्या मरणाने. 2019 साली दुसरा भाग आला तो त्याच्या आधीची गोष्ट घेऊन. अण्णा मरणार हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, तरी शेवंता वाड्यात आली की सोलापूरच्या घराघरात चहा गार होत होता. "तुम्ही तर जेवणाचं ताट घेऊन टीव्हीपुढे बसायचात," वहिनी म्हणाली. दादाने विषय बदलून 'सीआयडी' काढलं. शिवाजी साटम नसतील तर सीआयडी कसली, तसं थॉ नसेल तर मोर्स कसला?

हा मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि विलायतेतही लोक नेमके यावरच अडले.

मी ऑक्सफर्डच्या काऊलीत राहतो. काऊली म्हणजे चित्रातलं ऑक्सफर्ड नव्हे. इथे 1913 पासून मोटारी बनतात, आधी मॉरिसच्या, आता मिनी. पाहुण्यांना घुमट आणि कॉलेजं दाखवायची असतील तर बस पकडून जावं लागतं. माझे शेजारी या कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्यांच्या तोंडून 'शिफ्ट' हा शब्द ऐकला आणि मला जुन्या मिलचा भोंगा आठवला. तो भोंगा मी स्वतः कधी ऐकलेला नाही. सोलापूरची ती पहिली कापड गिरणी 1877 ची, माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. पण आजोबा रिटायर झाल्यावरही भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे, म्हणून तो आमच्या घरात राहिला. शेजारीही पहाटे पाचला उठतात. बायको ओरडते, तरी उठतात.

तर या गृहस्थांनी 'एंडेव्हर' बघायला साफ नकार दिला होता. बायको रविवारी रात्री लावायची, हे उठून स्वयंपाकघरात जायचे. त्यांची तक्रार एकच. नव्या मालिकेत तरुण मोर्सला घडवणारा एक वरिष्ठ आहे, फ्रेड थर्सडे. रॉजर अ‍ॅलमने केलेला, हॅट घालणारा, पाइप ओढणारा, वेळ पडली तर मुस्काटात देणारा बापमाणूस. आता जुन्या मालिकेचे तेहतीस भाग काढून बघा, म्हातारा मोर्स या थर्सडेचं नाव एकदाही घेत नाही. ज्याने तुला माणूस केलं त्याची जन्मात आठवण निघत नाही? म्हणजे थर्सडे नंतर घुसडलेला. शेजाऱ्यांच्या भाषेत, खोटा कागद.

ही तक्रार त्यांची एकट्याची नव्हती. अकरा वर्षं इथले प्रेक्षक हेच विचारत होते. आणि मालिकेचा लेखक रसेल लुइस (छत्तीसच्या छत्तीस भाग या एकाच माणसाने लिहिलेत) हे पक्कं लक्षात ठेवून होता. शेवटच्या भागात त्याने उत्तर दिलं. पुढे शेवट येतोय, बघायची असेल तर एवढा परिच्छेद सोडा. थर्सडेच्या हातून जे घडतं ते मोर्सला कळतं. ते झाकायचं तर थर्सडेला ऑक्सफर्ड सोडावं लागतं, आणि मोर्सला त्याचं नाव पुन्हा ओठावर आणता येत नाही. तेहतीस भागांतल्या त्या गप्प बसण्याला इथे कारण मिळतं. जुनी मालिका परत काढून बघितली तर तिच्यात एकही शब्द बदललेला नाही, पण ते गप्प बसणं आता ऐकू येतं. शेजाऱ्यांना मी हे कुंपणावरून सांगितलं. ते म्हणाले, चलाख आहे. मान्य मात्र नाही केलं.

मला स्वतःला सगळंच आवडलं असं नाही. 2020 च्या भागांतलं व्हेनिसचं प्रेमप्रकरण ऑपेराच्या नादात पार वाहून गेलंय, आणि त्याच्या आदल्या वर्षी मोर्सला जी मिशी दिली आहे तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. पण 'चेहरा बदलला' या तक्रारीला त्यांनी पहिल्याच भागात जे उत्तर दिलं ते मला अजून पुरतं. थर्सडे गाडीत मोर्सला विचारतो, वीस वर्षांनी कुठे असशील? मोर्स गाडीच्या आरशात बघतो आणि आरशात डोळे दिसतात जॉन थॉचे. क्षणभरच. त्याच भागात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकबाई त्याला विचारते, आपण आधी भेटलोय का? तो नाही म्हणतो. मग मागच्या जन्मी असेल, असं काहीसं ती म्हणते. ती बाई आहे अ‍ॅबिगेल थॉ, जॉन थॉची मुलगी. हे सांगितल्यावर दादा उठून बसला आणि म्हणाला, "मागं घे, परत दाव."

अण्णा नाईकांच्या बाबतीत हे ओझंच नव्हतं. पहिल्या भागात अण्णा मेलेलेच, त्यामुळे माधव अभ्यंकरांपुढे मोकळं रान होतं आणि त्यांनी ते पुरेपूर वापरलं. मोर्सचा चेहरा मात्र लोक तेरा वर्षं घरात घेऊन बसले होते. वहिनीला हा फरक पटला. पण लगेच तिने मला जज्जाच्या खुर्चीत बसवलं, "मग भावजी, तिकडचंच भारी ना?"

हे दर वर्षी होतं. घरी गेलं की रस्ते, दवाखाने, शाळा, मालिका, सगळ्यात 'तिकडं कसं' विचारतात आणि अर्ध्या वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे ऑफिसात नेमकं उलटं. तिथे मी भारताचा वकील. मालिकांपुरतं माझं मत असं, की कुवतीपेक्षा फरक वेळेचा आहे. 'एंडेव्हर'चा एक भाग साधारण दीड तासाचा, छत्तीस भागांचे चोपन्न तास, तेही अकरा वर्षांत. आपली दैनंदिन मालिका बावीस मिनिटं धरली आणि आठवड्याला सहा भाग, तर चोपन्न तास सहा महिन्यांत संपतात. आणि कुणी सहा महिन्यांत थांबत नाही. मग ज्याची पूर्वकथा सांगायची त्याच्या पूर्वकथेत आणखी एक हरवलेली बहीण, आणखी एक विहीर, आणखी एक गाठोडं निघतं. लुइसलाही रोज एक भाग लिहायला लावला असता तर थर्सडेला जुळा भाऊ निघाला असता. पुतण्या म्हणाला, निघाला असता तर मी बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा होता. संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ही गोष्ट सोलापूर शतकानुशतकं ऐकतंय. दादा लहानपणापासून एकदाही चुकलेला नाही. अक्षता टाकताना त्याचे डोळे भरले होते. परत येताना मी त्याला डिवचलं, काय रे, शेवट माहीत होता की. तो चिडला. "देवाचं वेगळं असतं बे. त्याला तुझ्या सिरियलीत कशाला आणतोस?" थोडं त्याचं बरोबर होतं. पण रात्री जेवण झाल्यावर कुणी न बोलावता खोलीत येऊन बसला तोही तोच.

आईचा प्रश्न सगळ्यांहून निराळा होता. तिला इंग्रजी कळत नाही, मी शेजारी बसून सांगत होतो. मोर्स 'सर' म्हणतो त्याला मी 'साहेब' म्हणत होतो. 'एंडेव्हर' हे मोर्सचं पहिलं नाव, आणि ते जुन्या मालिकेत तो जवळपास शेवटपर्यंत लपवून ठेवतो. आई क्वेकर या ख्रिस्ती पंथातली, शिवाय बापाला कॅप्टन कुकचं वेड, म्हणून कुकच्या जहाजाचं नाव पोराला. पुतण्या 'प्रयत्न मोर्स' म्हणून लोळत हसला. आई म्हणाली, "हसतोस काय? आपल्या गल्लीत किती सिद्राम आहेत मोज. नवसाचं नाव असतं. लाज कशाला वाटायची त्याची?"

तिला मुडद्यांमध्ये काही रस नव्हता. तिने धरला तो थर्सडेचा डबा. थर्सडेची बायको विन त्याला रोज कागदात गुंडाळून सँडविच देते, वाराप्रमाणे वेगळं. तो पुडी उघडायच्या आधीच आज आत काय आहे ते मोर्स ओळखतो. विनोद एवढाच, पण भागामागून भाग चालतो. आईने मला थांबवलं. "रोज ब्रेडच?" मी म्हटलं, रोज ब्रेडच, आतलं बदलतं. तिने विचार केला. मग म्हणाली, तुझ्या आजोबांचा डबा मी सहा वर्षं बांधला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वार कुठला का असेना, तेच. सणाला शेंगापोळी. एकदा आंबाडीची भाजी घातली तर डबा तसाच परत आला होता.

नंतर ती पडद्याकडे बघत म्हणाली, "या पोराला कोण बांधून देतं?"

कुणीच नाही, मी म्हटलं. तो असाच एकटा राहतो शेवटपर्यंत.

"तुला कसं माहीत?"

पहिली मालिका बघितली म्हणून, आई.

"असू दे. लाव पुढचं."

सातव्या मोसमापर्यंत आम्ही पोचलो आणि माझी सुट्टी संपली. परत आल्यावर रविवारी व्हिडिओ कॉल केला. दादा मागून ओरडला, शेवट सांगू नकोस, पुढच्या गड्ड्याला बघू. आईने फोन कानाजवळ नेला, त्यामुळे मला नुसता तिचा कान दिसत होता, आणि हळूच विचारलं, "त्या साहेबाच्या बायकोनं शेवटी पोराला एकदा तरी डबा दिला का?"

मला आठवेना. मी अजून शोधतोय.