परगावी पाठवलेल्या कर्मचाऱ्याची सोय कशी लावावी

कर्मचाऱ्याला कामानिमित्त दोन-तीन महिने परगावी पाठवायचे ठरले की त्याच्या निवासाचा प्रश्न उपस्थित होतो. तो सोडवण्याची जबाबदारी आपल्याकडे आली असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी: त्या खोलीत आपल्याला झोपायचे नाही. एवढे ध्यानात राहिले की पुढचे निर्णय घेताना हात जराही थरथरत नाही.

कामाला लवकर सुरुवात करण्याचा मोह सर्वप्रथम आवरावा. प्रवासाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असली तरी निवासाच्या मंजुरीचा कागद सर्व टेबलांवर यथास्थित मुक्काम करीत पुढे जाऊ द्यावा. तोवर मासिक दराने मिळणारी सर्व्हिस अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारखी सेवा असलेल्या सुसज्ज सदनिका, संपलेली असतात आणि नाइलाजाने रात्रीच्या दराने हॉटेल घ्यावे लागते. हा वाढीव खर्च 'तातडीची गरज' या सदरात बसतो आणि तातडीची गरज कोणी निर्माण केली, हे विचारण्याची पद्धत कुठल्याच कार्यालयात नाही. आरक्षण करताना मात्र काटकसर दिसली पाहिजे, म्हणून रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा स्वस्त दर निवडावा, आणि तोही शक्यतो अशा प्रकल्पासाठी, ज्याची तारीख यापूर्वीच दोनदा पुढे ढकलली गेली आहे.

जागा निवडताना दराचा रकाना तेवढा पाहावा. कामाचे ठिकाण शहराच्या एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असली तरी बिघडत नाही, कारण खोलीचे भाडे निवासाच्या शीर्षाखाली पडते, रोजच्या टॅक्सीचे पैसे स्थानिक प्रवासाच्या शीर्षाखाली पडतात, आणि जाण्यायेण्यात गेलेले रोजचे तीन तास कोणत्याच शीर्षाखाली पडत नाहीत. हिशेबाची ही व्यवस्था ज्याने प्रथम बसवली त्याच्या दूरदृष्टीला दाद द्यावी लागते, कारण निवासावर वाचवलेली रक्कम वार्षिक अहवालात झळकते आणि तिच्यापायी झालेला खर्च इतर तीन विभागांत विखुरला जाऊन दिसेनासा होतो. अंतर तपासावेच लागले, तर ते नकाशावर सरळ रेषेत मोजावे. मध्ये नदी असेल आणि पूल बराच लांब असेल, तर तो दोष भूगोलाचा आहे, प्रशासनाचा नाही.

हॉटेलपेक्षा खासगी मालकाची सदनिका स्वस्त पडते, तेव्हा तिकडे वळण्यास हरकत नाही. फक्त स्थानिक नियम वाचत बसू नये. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे असेल तर मालकाने स्वतः त्याच घरात राहायला हवे, आणि सप्टेंबर २०२३पासून अशा घरांच्या नोंदणीची सक्तीने तपासणी होते. लंडनमध्ये वेगळी परवानगी नसेल तर संपूर्ण घर अल्प मुदतीने देण्याची मर्यादा वर्षाला ९० रात्रींची आहे. असल्या बारीकसारीक गोष्टी मालकाच्या आहेत असे समजून पुढे जावे. मुक्कामाच्या मधोमध आरक्षण रद्द झालेच, तर कर्मचाऱ्याला नव्या वस्तीची ओळख होते आणि त्याबद्दल कंपनी त्याच्याकडून काहीही आकारत नाही.

मुक्काम तीन महिन्यांचा आहे हे ठाऊक असूनही मंजुरी आठवड्या-आठवड्याने द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्यामागे शास्त्र आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की अनोळखी जागेतील पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल तुलनेने सावध राहतो आणि परक्या आवाजाची चाहूल लवकर घेतो; त्याच जागी काही दिवसांनी पुन्हा झोपल्यावर हा फरक दिसेनासा होतो. आता पाहा, मुदतवाढीचा मेल दर आठवड्याला उशिरा गेला, तोवर खोली दुसऱ्याला दिली गेली आणि कर्मचारी बॅग घेऊन नव्या हॉटेलात गेला, तर प्रत्येक आठवड्यात एक पहिली रात्र हमखास येते. दिवसभर पूर्ण आणि रात्री अर्धा जागा असणारा कर्मचारी एका पगारात मिळवून देणारी याहून सोपी योजना मला माहीत नाही. त्यातही कमी वाटले तर दोघांना एका खोलीत ठेवावे, आणि एकाची पाळी रात्रीची असावी.

खोलीत काय आहे याची चौकशी छायाचित्रांवरून करावी. जाहिरातीत स्वयंपाकघर असे लिहिलेले असते, तिथे बहुधा पाणी उकळण्याची एक किटली आणि दोन कप आढळतात. परंतु स्वयंपाकघर आहे असे लेखी मिळाल्यामुळे जेवणाचा दैनिक भत्ता निम्मा करता येतो, ही किटलीची खरी उपयुक्तता होय. कपडे धुण्याचे यंत्र, लिहायला टेबल, बंद होणारी खिडकी यांविषयी कर्मचारी विचारील, तेव्हा 'आपण तिथे कामासाठी जात आहात' असे सौम्यपणे सुचवावे. त्यावर त्याने इंटरनेटच्या वेगाची विचारणा केली, तर मात्र तो अडवणूक करीत आहे असे समजावे.

सुरक्षिततेचा विषय गंभीर असल्याने तो धोरणाच्या प्रस्तावनेत घ्यावा. कामानिमित्तच्या प्रवासातील जोखमींविषयी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ ३१०३० हे मार्गदर्शक मानक २०२१मध्ये प्रसिद्ध झाले असून निवासाची निवडही त्यात विचारात घेतलेली आहे. त्याचे नाव पहिल्या पानावर ठळक अक्षरांत घातले की आतले वाचण्याची निकड उरत नाही. आपत्कालीन जिना छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो विचारूही नये. महिला कर्मचारी मध्यरात्री पोहोचणार असेल तर स्वतःच किल्ली घेण्याची सोय असलेली जागा उत्तम: किल्ली फाटकावरच्या डब्यात, डब्याचा आकडा मेलमध्ये, आणि मेल कार्यालयाच्या नेटवर्कबाहेर न उघडणाऱ्या खात्यावर. मदतीचा दूरध्वनी क्रमांक अवश्य द्यावा. तो आपल्या टेबलावरचा असावा.

पैशांचा व्यवहार कर्मचाऱ्याच्याच खिशातून होऊ द्यावा, म्हणजे त्याला जागेविषयी आपलेपणा वाटतो. भाडे आणि अनामत रक्कम त्याने भरावी, बिले जपून ठेवावीत आणि परतल्यावर सादर करावीत. ती कंपनीच्या नावाने नाहीत, या कारणास्तव मग परत पाठवता येतात. मालकाला बिल बदलून मागणे कर्मचाऱ्याचे काम आहे, आणि तोवर प्रतिपूर्तीची मुदत संपली तर नियम सर्वांना सारखाच असतो. खोली ताब्यात घेताना भिंतींची, गादीची, टेबलावरच्या जुन्या चऱ्यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत, ही सूचना त्याला कोणीतरी देईल. आपण देऊ नये. अनामत पूर्ण परत आली तर ती कंपनीकडे जमा करावी आणि तिच्यातून काही कापले गेले तर तेवढी रक्कम कर्मचाऱ्याने सोसावी, असा नियम करून ठेवावा, आणि तो कर्मचारी परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मागील तारखेपासून लागू करावा.