रेष उभी की आडवी?

अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करायचा होता. अर्ज चार पानांचा आणि त्याला जोडायची कागदपत्रे अकरा, म्हणजे एकूण काम पंधरा पानांचे. ज्याच्या घरात स्वतःचा प्रिंटर आहे अशा माणसाला आदल्या रात्री जेवढे निर्धास्त राहता येते, तेवढा मी साडेआठ वाजेपर्यंत निर्धास्त होतो. तीन महिने त्या यंत्राला कोणी हात लावलेला नव्हता. मी त्याच्यावरची धूळ फुंकली, भिंतीवरचे बटण दाबले, संगणकावरून आज्ञा सोडली, आणि नेहमीची कुरकुर आटोपल्यावर पहिले पान बाहेर आले ते अंगावर आडव्या पांढऱ्या रेघा घेऊनच.

पांढऱ्या कागदावरची पांढरी रेघ ही तशी निरुपद्रवी वस्तू वाटेल. पण आपली लिपी शिरोरेषेला टांगलेली आहे. शिरोरेषा न देता शुद्धलेखन पुरे केल्याबद्दल शाळेत छड्या खाल्ल्या, तेव्हाही मला तिचे महत्त्व त्या रात्रीइतके पटले नव्हते. बोटाच्या पेराएवढ्या अंतराने येणाऱ्या त्या पांढऱ्या रेघा आणि माझ्या मजकुराच्या ओळी यांचा काही मेळ नव्हता. त्यामुळे एका ओळीत रेघ अक्षरांच्या पायांतून गेली, दुसरीत पोटातून गेली, आणि तिसरीत नेमकी शिरोरेषेवर बसून तिने ती अख्खी ओळ बोडकी करून टाकली. मूळ ओळ ‘सदर रकमेचा भरणा धनादेशाद्वारे केलेला आहे’ अशी होती. डोक्यावरची रेघ गेली की भ आणि म, ध आणि घ यांच्यात जो फरक उरतो तो बहुतेक लिहिणाऱ्याच्या मनातच उरतो. त्यामुळे आता सदर रकमेचा मरणा घनादेशाद्वारे झालेला होता.

यंत्र बिघडले की माणूस जे करतो ते सगळे मी केले. प्रिंटर बंद करून चालू केला. कागदाचा गठ्ठा काढून, झटकून, उलटा करून पुन्हा घातला. काळ्या शाईचे कार्ट्रिज उपसून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखे खळाखळा हलवले आणि परत बसवले. हा उपाय मला कोणी सांगितलेला नव्हता, तो आतून स्फुरला. त्यानंतरच्या पानावर रेघांची संख्या वाढली.

तेव्हा कुठे मी संगणकावरच्या त्या खिडकीत शिरलो, जिच्यात ‘देखभाल’ नावाचा विभाग असतो आणि जिथे सुखी माणूस कधी जात नाही. तिथे ‘नॉझल चेक’ नावाची एक तपासणी होती. ती केल्यावर कागदावर चार रंगांच्या चार जाळ्या उमटतात आणि प्रत्येक जाळीत बारीक रेघांच्या पायऱ्या असतात. एकेक पायरी म्हणजे हेडमधले, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या डोक्यातले, एकेक छिद्र. पायरी दिसली तर छिद्र चालू, नाही दिसली तर बंद. निळी आणि किरमिजी जाळी अखंड होती. काळ्या जाळीतल्या पायऱ्या मात्र जुन्या पडक्या किल्ल्याच्या तटासारख्या जागोजाग ढासळलेल्या होत्या. पिवळ्या जाळीबद्दल मला काहीच सांगता येईना, कारण पांढऱ्या कागदावर पिवळ्या रंगाची केसाएवढी रेघ ही दिसण्यापेक्षा मानण्याची गोष्ट आहे. मी पान दिव्यासमोर धरले, तिरपे केले, चष्मा काढून पाहिले, आणि पिवळ्याचे सगळे ठीक आहे असे ठरवून टाकले.

निदान झाले होते. उपचारासाठी शेजारीच ‘हेड क्लीनिंग’ असे बटण होते. ते दाबल्यावर प्रिंटरच्या पोटातून जे आवाज येतात त्यांचे वर्णन करायचे तर गुळण्या, आवंढा आणि दाढदुखीचे कण्हणे एका वेळी ऐकल्यासारखे वाटते. दोन मिनिटांनी पुन्हा तपासणी केली. काही पायऱ्या परत आल्या होत्या. मला हुरूप आला. दुसऱ्या सफाईनंतर आणखी दोन आल्या. तिसऱ्या सफाईनंतर आधी आलेल्यांपैकी चार गेल्या. थोडे यश मिळाल्यावर माणसाचे जे होते ते माझे झाले आणि मी चौथ्यांदा, पाचव्यांदा आणि मग ‘खोल सफाई’ असे धमकीवजा नाव असलेले तिसरेच बटण दाबले. शेवटी यंत्राने शाई संपत आल्याची सूचना दिली. ती काळ्या शाईबद्दल नव्हती, किरमिजी शाईबद्दल होती. माझ्या चार पानी अर्जात किरमिजी रंगाचा एकही ठिपका नव्हता.

ही शाई जाते कुठे, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. सफाई म्हणजे आत पाणी, साबण असा काही प्रकार असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शाईची सफाई शाईनेच होते: छिद्रांतून शाई जोराने ओढून काढायची, म्हणजे तिच्याबरोबर आतला सुकलेला गाळ निघून येतो, आणि ही ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी बसवलेल्या स्पंजासारख्या गाद्यांत मुरते. बटण एकच असले तर निरोगी रंगांनाही आजारी रंगाबरोबर तोच जुलाब घ्यावा लागतो. त्या गाद्या किती भिजल्या याचा अंदाजही यंत्र मनातल्या मनात ठेवत असते, आणि हिशेब भरला की काम थांबवते. माझ्या घरात माझ्या खर्चाने गेले काही तास एक स्पंज रंगवला जात होता, असा याचा अर्थ होता.

“मी हाताने लिहून दिला असता तर एव्हाना झाला असता,” पत्नी म्हणाली. हे वाक्य तिने दहा वाजता, साडेदहाला आणि अकराला अशा तीन हप्त्यांत म्हटले, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त खरे होते.

मधल्या काळात शेजारचे गृहस्थ आवाज ऐकून आले. त्यांच्याकडे लेझर प्रिंटर आहे, आणि लेझर प्रिंटर असलेल्या माणसाला माझ्यासारख्या, छिद्रांतून शाई उडवणाऱ्या इंकजेटवाल्याबद्दल मोटारवाल्याला सायकलवाल्याबद्दल वाटते तशी दया वाटत असते. त्यांनी पान हातात घेऊन माझ्याकडे पट्टी मागितली. लेझरच्या पानावर एखादा डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आला तर ते अंतर मोजायचे, कारण आतला जो रूळ खराब असेल त्याच्या परिघाएवढेच ते भरते. ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर डाग दर ९४ मिलिमीटरला येणार, असे त्यांनी समजावले. हिशेब बिनचूक होता. त्यांनी माझ्या रेघांमधले अंतर तीन ठिकाणी मोजले, कागदाच्या कडेला लिहिले, आणि ड्रम बदलावा लागेल असा निकाल दिला. माझ्या प्रिंटरला ड्रम नाही. हे मी त्यांना सांगितले तेव्हा, मग दोष कशात असणार, असे म्हणून ते निघून गेले. पट्टी त्यांच्याबरोबर गेली.

शेवटी मी भाच्याला फोन लावला. तो या यंत्रांच्या दुरुस्तीचेच काम करतो आणि एरवी मी त्याला नोकरी कशी करावी याबद्दल सल्ले देत असतो. मी सगळी हकिकत सविस्तर सांगितली. त्याने मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारला.

“मामा, रेष उभी की आडवी?”

तीन तासांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. आडवी, मी म्हणालो. “मग हेडच. डोकं कागदावरून आडवं धावतं, त्यामुळे बंद पडलेलं छिद्र आडवीच रेघ सोडणार. किती वेळा क्लीनिंग केलं?” मी खरा आकडा दोनने कमी करून सांगितला. पलीकडे थोडी शांतता पसरली. “आता हात लावू नका. प्रिंटरच्या बटणाने बंद करा आणि सकाळपर्यंत झोपू द्या. ओढून ओढून आत हवा शिरली असेल, ती बसेल. कार्ट्रिज हलवलं नाहीत ना?” मी नाही म्हणालो. भाच्याशी खोटे बोलण्याचे वय माझे निघून गेले आहे, तरी बोललो.

“आणि एरवी बंद कसं करता?” हा त्याचा पुढचा प्रश्न होता. वीज वाचवण्याच्या बाबतीत मी काटेकोर आहे. त्यामुळे काम झाले की प्रिंटरचे बटण वगैरे न पाहता मी सरळ भिंतीवरचाच स्विच बंद करतो, हे मी थोड्या अभिमानाने सांगितले. त्यावर कळले ते असे, की स्वतःच्या बटणाने बंद केल्यावर हेड उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या जागी जाते आणि खालून त्याला रबराची टोपी बसते, म्हणजे शाई सुकत नाही. वीज मध्येच तोडली तर ते असेल तिथे, उघड्या तोंडाने, थांबते. माझे गरीब बिचारे हेड गेले तीन महिने आ वासून उभे होते.

रात्री झोप लागेना म्हणून मी त्या छिद्रांबद्दल वाचत बसलो. छिद्र माणसाच्या केसापेक्षाही बारीक. त्यातून सुटणारा थेंब काही पिकोलिटरचा, आणि एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. माझ्या जातीच्या प्रिंटरमध्ये छिद्राशेजारी एक सूक्ष्म तापक असतो. तो निमिषार्धात शाईचा बुडबुडा फुगवतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. हे तंत्र सुचले तेही अपघाताने: १९७७ मध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. धांदरटपणातून एवढे मोठे यंत्र जन्माला येते हे वाचून मला धीर आला. माझा धांदरटपणा निदान योग्य जातीच्या यंत्रावर खर्च झाला होता.

सकाळी सहा वाजता तपासणीचे पान काढले. काळी जाळी अखंड! एकूण एक पायरी जागेवर. अर्जाची चारही पाने शिरोरेषांसकट बाहेर आली, भरण्याचा भरणा झाला आणि घनादेशाचा धनादेश. तक्त्याच्या उभ्या रेघा तेवढ्या जराशा दातेरी, वीतभर सरळ मग तसूभर सरकलेल्या अशा दिसत होत्या. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापते आणि दोन फेऱ्यांची गाठ नीट पडत नसेल तर असे होते; ‘अलाइनमेंट’ नावाचे एक बटण दाबल्यावर तेही सरळ झाले. त्या प्रकरणात काही गंमत नाही.

आता उरल्या होत्या त्या अकरा कागदपत्रांच्या प्रती. प्रतीसाठी कागद एकेक करून आपोआप आत ओढणाऱ्या वरच्या फीडरमध्ये गठ्ठा लावला, बटण दाबले, आणि अकराच्या अकरा प्रतींवर वरपासून खालपर्यंत, पट्टी लावून मारावी तशी, एक काळी रेघ उमटून आली. माझ्या ओळखपत्राच्या प्रतीवर ती बरोबर नाकावरून खाली उतरून मला समसमान दुभागत होती.

वाचकहो, मी काय केले असेल? मी हेड क्लीनिंगचे बटण दाबले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला ही म्हण मी कैक वर्षे दुसऱ्यांना ऐकवत आलो आहे. गुळण्यांचा आवाज ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने काहीही न बोलता भाच्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

“उभी,” मी आपणहून सांगितले.

“तपासणीच्या पानावर आहे? नाही ना? संगणकावरून काढलेल्या अर्जावर? नाही. मग छपाई ठणठणीत आहे. झाकण उघडून तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून प्रत काढा बरं.” मी काढली. स्वच्छ. “म्हणजे फीडरची काच. मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक पट्टी आहे बघा, तिच्यावर काहीतरी चिकटलंय.”

आठ वर्षे हा प्रिंटर घरात आहे आणि ती पट्टी मी सजावट समजत होतो. मोठ्या काचेवर कागद स्थिर असतो आणि खालचा डोळा फिरतो, त्यामुळे काचेवरचा ठिपका प्रतीत ठिपकाच उमटतो. फीडरमध्ये उलटे असते: डोळा त्या पट्टीखाली ठाण मांडून बसतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. त्यामुळे तिथे मोहरीएवढा कण असला तरी तो प्रत्येक कागदावर डोक्यापासून पायापर्यंत दिसत राहतो आणि त्याची रेघ होते. मी बॅटरी घेऊन वाकून पाहिले. पट्टीच्या मध्यावर एक चपटा, तपकिरी, धूळ माखलेला ठिपका होता. नखाने खरवडू नका, असे भाच्याने मी नख लावण्याच्या आत सांगितले. ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने चार वेळा पुसल्यावर तो मऊ झाला आणि बोटाला चिकटला. मी वास घेतला.

तो गोंद होता. तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा फॉर्मवर माझा फोटो चिकटवून, गोंद वाळण्याचीही वाट न पाहता, तो कागद मीच घाईघाईने या फीडरमधून घातला होता, आणि प्रत मिळताच भिंतीवरचा स्विच बंद करून टाकला होता. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

अर्ज वेळेत पोहोचला. समोरच्या बाबूंनी पाने चाळली, कोरी जागा उरली होती तिथे तिथे पेनाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरपी रेघ मारली आणि शिक्का उमटवला.

आता छिद्रे सुकू नयेत म्हणून दर रविवारी सकाळी मी एक रंगीत पान काढतो आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करतो. परवाच्या पानावर काळी, निळी आणि किरमिजी जाळी निर्दोष होती. पिवळ्या जाळीत डावीकडून सातवी पायरी नाही, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला ती स्पष्ट दिसते. आम्ही दोघांनी पान खिडकीशी नेले, उन्हात धरले, मागून पाहिले, आणि भाच्याला याचा फोटो पाठवला. त्याचे उत्तर यायचे आहे.