कंप्रेसरचा काही दोष नाही

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर एअर बॅगा बसवणं हे सरळ अंगमेहनतीचं काम आहे. चासी आणि ॲक्सलच्या मध्ये दोन रबरी पिशव्या, चार ब्रॅकेट, मूठभर नटबोल्ट. पाना लावला की नट फिरतो, आणि नाही फिरला तर का नाही फिरला ते डोळ्यांना दिसतं. हवा भरायला चाकाला असतो तसा एकेक व्हॉल्व्ह मागच्या बंपरजवळ काढून ठेवला की प्रकरण तिथंच मिटतं. पण आपण ते मिटू देत नाही. आपल्याला गाडीतून न उतरता हवा भरायची असते. बसल्या जागी बटण दाबावं आणि ओझ्यानं बसलेली गाडीची मागची बाजू अदबीनं उठून उभी राहावी, एवढ्या हौसेपायी बारा व्होल्टचा कंप्रेसर खोक्यातून बाहेर येतो. बसवायला सोपा, असं खोक्यावर म्हटलेलं असतं आणि ते खरंही असतं. कंप्रेसर चार बोल्टवर बसतो. त्याच्यापर्यंत वीज नेणं सोपं आहे असं मात्र कुणीच म्हटलेलं नसतं, ते आपणच वाचतो.

सोबतच्या कागदावरची आकृती तळहाताएवढी असते. बॅटरी, फ्यूज, रिले, कंप्रेसर, संपलं. आकृतीत बॅटरी आणि कंप्रेसरमध्ये दोन बोटांचं अंतर असतं, गाडीत सहा मीटरचं. या कामातलं सगळं रामायण त्या दोन बोटांत घडतं, असं माझं मत आहे.

आधी रिले, म्हणजे बारीक करंटानं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. छोटा कंप्रेसर १० ते १५ अँपिअर खातो, जरा दांडगा असला तर २५-३०, आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट. हा लोंढा डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेला तर बटणाचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, पुढे एकमेकांना चिकटतात, आणि मग बटण बंद केलं तरी कंप्रेसर चालूच. म्हणून बटणानं फक्त रिलेची कॉइल, म्हणजे त्याच्या आतलं तारेचं वेटोळं, चालवायची. तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. रिलेच्या पोटावर आकडे असतात ते वाचायचे. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, ८७ वरून कंप्रेसरकडे जाणारी जाड वायर, ८६ वर बटणाकडची बारीक वायर, ८५ अर्थला, म्हणजे चासीला. उरला तो मधोमध ऐसपैस बसलेला ८७ए. हाताला सगळ्यात सोपा हाच सापडतो. रिले झोपलेला असताना ३० चा संबंध याच्याशी असतो. त्यामुळे घाईत कंप्रेसरची वायर इथं अडकवली, तर बटण दाबल्यावर कंप्रेसर गप्प बसतो आणि आपण चावी काढून निघून गेलो की मन लावून कामाला लागतो. काही रिलेंच्या आत कॉइलला डायोड लावलेला असतो, तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. त्यात ८५ आणि ८६ ची अदलाबदल केली की बटणाचा छोटा फ्यूज तत्काळ उडतो. दुसरा टाकला, तोही उडतो. तिसऱ्या फ्यूजला लोक रिलेच्या अंगावरची आकृती वाचतात.

हवेची टाकी असेल तर तिच्यावर प्रेशर स्विच येतो. ११० पीएसआयला चालू, १४५ ला बंद, अशा काही आकड्यांचा. त्याची जागा कॉइलच्या बारीक वायरीत, बटणाच्या रांगेत. तो मोटरच्या जाड वायरीत घातला तर काही दिवस छान चालतो, मग त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि कंप्रेसरला थांबायचं कधी हेच कळत नाही. शेवटी टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळायला लागतो, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं.

फ्यूजबद्दल माणसांची समजूत अशी, की तो कंप्रेसरला वाचवतो. तो वाचवतो वायरीला. ती सहा मीटर वायर चासीच्या धारेवरून, ब्रॅकेटच्या कोपऱ्यावरून, पत्र्याच्या भोकातून जाते. वाटेत कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयारच बसलेली असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. तो कंप्रेसरजवळ बसवणं म्हणजे गावातल्या शेवटच्या घराला कुलूप लावून वेस उघडी टाकणं. आणि फ्यूज उडाला की मोठा फ्यूज टाकायचा, ही जी एक पद्धत आहे ना, २० चा उडाला म्हणून ३०, ३० चा उडाला म्हणून ४०, तिचा शेवट ठरलेला आहे. एक दिवस फ्यूज शाबूत राहतो आणि त्याचं काम वायर करते.

आता त्या वायरीची जाडी. इथे सगळे कंजूष होतात. समजा कंप्रेसर २० अँपिअर ओढतो आणि वायर जाऊन-येऊन १२ मीटर आहे. दीड एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर) वायर टाकली तर वाटेतच पावणेतीन व्होल्ट गडप. अडीचची टाकली तर दीड व्होल्टच्या वर. चार एमएमला साधारण एक, आणि सहा एमएमला पाऊण व्होल्टाच्या आत. गाडी बंद असताना बॅटरी देणार १२.६, म्हणजे दीड एमएमच्या टोकाला कंप्रेसरच्या हाती दहासुद्धा उरत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गंमत अशी की रिकाम्या टाकीवर हा कंप्रेसर व्यवस्थित सुरू होतो. आपण खूश होऊन हत्यारं आवरतो. खरी परीक्षा टाकी ११० वर आल्यावर होते. तेव्हा पिस्टनला दाबाविरुद्ध पहिला धक्का मारायचा असतो, आणि मोटर नुसती ‘हूंऽऽ’ करून अडून बसते. अडलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा जास्त करंट ओढते, जास्त करंटानं वायरीत आणखी व्होल्ट गळतात, आणि फ्यूज उडतो. निदान काय होतं? कंप्रेसर खराब निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

न्याय करायचा असेल तर मल्टिमीटर घ्या आणि तो ‘हूं’ करत असतानाच, हात आखडता न घेता, त्याच्या दोन टोकांवर लावा. तिथं बारा-तेरा व्होल्ट येत असूनही तो फिरत नसेल तर भांडण हवेचं आहे. बहुतेक वेळा हवा उलटी येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून टाकीचा सगळा दाब पिस्टनच्या डोक्यावर बसलेला असतो. व्होल्ट नऊ-दहावर घसरले तर भांडण वायरीचं. कंप्रेसर दोन्ही खटल्यांत निर्दोष.

वायरीतही पॉझिटिव्हचे लाड होतात. लाल आवरण, त्यावर काळं नालीदार पाइप, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, दर वीतभरावर क्लिप. निगेटिव्ह मात्र जवळच्या बोल्टाला गुंडाळली जाते. कंप्रेसर चालत नाही, कधी चालतो, कधी धापा टाकतो, कशाचा काही अर्थ लागत नाही. लागणार कसा? अर्थच लागलेला नसतो. चासीवर कारखान्यातून आलेला रंग असतो, त्याखाली प्रायमर, वर धूळ आणि तेलाचा मुरलेला थर. हे सगळं विजेच्या दृष्टीनं इन्सुलेशन आहे. नाण्याएवढी जागा सँडपेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची, दातेरी वॉशर घालायचा, वायरीच्या टोकाला नीट चेपलेली थिंबल (धातूची कडी) बोल्टानं आवळायची आणि मग वरून रंग किंवा ग्रीस मारायचं. वरून, आतून नाही! आधी रंग मारून मग थिंबल बसवणारेही पाहायला मिळतात, त्यांची टापटीप वाखाणण्यासारखी असते. दुसरा सापळा रबरी बुशांचा. आवाज आणि थरथर कमी व्हावी म्हणून कंप्रेसर रबरावर टेकवतात, ते योग्यच आहे, पण मग त्याच्या अंगातून चासीला अर्थ मिळेल ही आशा सोडायची आणि निगेटिव्ह वायर वेगळी न्यायची. पडताळणी एका मिनिटाची आहे: कंप्रेसर चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक त्याच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२-०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर पुन्हा गाडीखाली आडवं व्हायचं.

थिंबल साध्या पकडीनं चेपायची नाही, एवढंच सांगतो. चेपून झाल्यावर वायर जोरात ओढायची. हातात आली तर वाईट वाटून घेऊ नका, रस्त्यात आली असती.

कॉइलची बारीक वायर चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्यायची. कायम चालू असलेल्या जागेवरून घेतली आणि कुठे थोडी हवा गळत असली, तर प्रेशर स्विच इमानदारीनं रात्रभर कंप्रेसर चालू-बंद करत राहतो आणि सकाळी टाकी भरलेली व बॅटरी रिकामी मिळते. फ्यूजबॉक्समध्ये असा पॉइंट शोधताना एक विनोदी संकट येतं. गाडीत दोन जातींच्या एअरबॅग आहेत. एक आपली, मागच्या ॲक्सलवरची. दुसरी स्टिअरिंगच्या आत दबा धरून बसलेली. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर ‘एअरबॅग’ असं स्वच्छ छापलेलं असतं आणि भोळ्या माणसाला वाटतं, वा, कंपनीनं आपली सोय आधीच करून ठेवली! तिथं हात लावायचा नाही. पिवळे कनेक्टर दिसले की मागे सरायचं. एबीएसच्या फ्यूजलाही तोच नमस्कार. रेडिओ किंवा वायपरचा फ्यूज घ्या, ते बिचारे काही बोलत नाहीत.

कंप्रेसरची जागा एक्झॉस्टपासून लांब आणि चिखलपाण्यापासून वर हवी. मोटर वॉटरप्रूफ असली तरी तिचं नाक वॉटरप्रूफ नसतं. इनटेकचा फिल्टर नळी लावून कोरड्या जागी न्यावा. कंप्रेसरमधून निघणारी पहिली जाळीदार नळी धातूची असते, ती आखूड वाटते म्हणून कापून तिथं प्लॅस्टिकची नळी जोडू नये. दाबलेली हवा तापते आणि प्लॅस्टिक मऊ होतं. पुढच्या नायलॉन नळ्या कटरनं काटकोनात कापायच्या. पक्कडीनं कापलं की टोक लंबगोल होतं, फिटिंगच्या ओ-रिंगला ते पटत नाही आणि ती हळूच सुस्कारा सोडत राहते. टाकी बसवताना पाणी सोडायची तोटी सगळ्यात खाली हवी. ती वर ठेवून टाकी दिमाखात बसवणाऱ्यांच्या टाकीत हवेपेक्षा पाणी जास्त साठतं.

दोन बॅगांना एकच नळी टी लावून जोडायचा मोह आवरा. वळणावर बाहेरच्या बॅगेवर भार आला की तिची हवा आतल्या बॅगेत जाते, म्हणजे जिला आधार द्यायचा तीच मऊ पडते. डावी-उजवी वेगळी, काटे दोन. बहुतेक किटची मर्यादा ५ ते १०० पीएसआय असते. टाकीत १४५ असताना बटणावर बोट विसरलं तर ही मर्यादा पटकन ओलांडली जाते. आणि ५ च्या खालीही जायचं नाही, रिकामी पिशवी घडी पडून चिमटते. हो, आणि गाडी समपातळीत आली म्हणून तिची वजन वाहायची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, चाकं, ब्रेक तेच असतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सल आणि चासीतल्या अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. बॅगा फुगवून गाडी उचलली की त्याला वाटतं मागे ओझंच नाही, आणि तो मागच्या ब्रेकला हात आखडून दाब देतो. गाडीच्या पुस्तकात हे आधी बघावं, घाटात नाही.

एवढं सगळं नीट करूनही कंप्रेसर मध्येच ठप्प होतो. ३३ टक्के ड्यूटी सायकलचा अर्थ दहा मिनिटं काम, वीस मिनिटं आराम. आपण त्याला सलग चालवतो, आतला थर्मल कटआउट उघडतो, मोटर मुकाट बंद. आपण रिले बदलतो, फ्यूज बघतो, अर्थ खाजवतो, वायरी हलवतो. तेवढ्यात मोटर थंड होऊन आपोआप सुरू होते. जी वायर त्या क्षणी हातात असते ती जन्मभर संशयित राहते. दर वेळी कंप्रेसर थांबला की लोक बॉनेट उघडून तीच वायर हलवतात, आणि वीस मिनिटं हलवत राहिलं तर गुण येतोच.

शेवटचा फेरा सकाळचा. रात्री काटे ६० वर ठेवलेले, पहाटे ५५ वर. गळती! असं म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधायला उठू नका. संध्याकाळी हवा ३५ अंशांची होती आणि पहाटे १५ ची झाली, तर बंद पिशवीतला दाब तेवढा उतरतोच. दुपारी ऊन तापलं की तोच काटा कुणी न सांगता ६० वर येतो. नाहीच आला, तर साबणाचं पाणी घ्यायचं आणि बॅगांपासून नव्हे, गेजच्या मागच्या जोडापासून सुरुवात करायची. तो जोड डॅशबोर्डच्या आत असतो, आणि डॅशबोर्डच्या सगळ्या क्लिपा तुम्ही कालच बसवलेल्या असतात, एक सोडून.