वायफाय नाही म्हणून प्रिंटर विकायला काढू नका

सोसायटीच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘वायफाय नसलेल्या प्रिंटरवर मोबाईलवरून प्रिंट निघतच नाही, तो विका. विकायचा नसेल तर राऊटरच्या यूएसबीत खोचा किंवा गूगल क्लाउड प्रिंट लावा. पण जपून, मोबाईलवरून दिलेले कागद बाहेरच्या सर्व्हरवर जातात.’

पहिलंच वाक्य चूक. घोडं अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे त्या-त्या प्रिंटरची भाषा बोलणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. आयफोनवर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायची सोयच नाही. २०१० पासून त्यात एअरप्रिंट आहे: फोन ठरावीक पद्धतीनं पान पाठवतो, ते समजून घेणं समोरच्याचं काम. अँड्रॉइडमध्येही आवृत्ती ८ पासून साधारण असाच प्रकार. जुन्या लेझर प्रिंटरला ही पद्धत कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषी बसवायचा. विंडोजऐवजी लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटरही चालतो. त्यावर ‘कप्स’ (छपाई सांभाळणारं) आणि ‘अवाही’ (प्रिंटर वायफायवर दाखवणारं) ही दोन मोफत सॉफ्टवेअर टाकायची, प्रिंटर यूएसबीनं जोडायचा, शेअरिंग चालू करायचं. फोन त्याच वायफायवर असला की प्रिंटर यादीत दिसतो. (गेस्ट वायफायवर असाल तर बहुधा दिसणार नाही, तिथे राऊटर उपकरणांना एकमेकांपासून लांब ठेवतो.) केबल आणि अडॅप्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील.

मात्र प्रिंटर कोणता, हे आधी बघा. आपल्याकडे घरोघरी असलेला एचपी १०२० चालतो, फक्त बंद करून चालू केला की त्याला फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नव्यानं पाठवावं लागतं. तितकाच लोकप्रिय कॅनन एलबीपी २९०० मात्र हट्टी. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी नाही. तेव्हा २९०० असेल तर पायच्या फंदात न पडता जुना लॅपटॉपच घ्या. तिथेही ड्रायव्हर बसवताना थोडा घाम निघेल.

राऊटरच्या यूएसबीचा सल्ला अर्धवट आहे. बहुतेक राऊटर आलेला डेटा जसाच्या तसा प्रिंटरकडे ढकलतात. ड्रायव्हर असलेल्या कॉम्प्युटरला ते पुरतं, फोनला नाही.

गूगल क्लाउड प्रिंट? गूगलची ही इंटरनेटवरून प्रिंट द्यायची सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजीच बंद झाली.

राहिली कागद बाहेर जाण्याची भीती. वर सांगितलेल्या रचनेत पान फोनमधून घरच्या वायफायवरून थेट त्या लॅपटॉपकडे जातं; इंटरनेट बंद असलं तरी प्रिंट निघते. बाहेरून प्रिंट देता यावी म्हणून राऊटरमध्ये ६३१ हा पोर्ट (प्रिंटसाठीचं दार) इंटरनेटला उघडून ठेवू नका, एवढंच पथ्य. आणि गंमत अशी, की सर्व्हरच्या नावानं घाबरणारे आपण सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्याला आधार कार्ड बिनदिक्कत व्हॉट्सॲप करतो. त्याच्या कॉम्प्युटरवरून ती फाईल कधी पुसली जाते, हे कुणी विचारलंय?